पवनीचा स्तूप आणि चीनमधील ग्रंथ : प्राचीन विदर्भातील वैचारिक परिवर्तन

धम्माचा विषय निघाला की आपल्या सर्वांचे बोट १४ ऑक्टोबर १९५६ या तारखेकडे जाते. ते योग्यच आहे. परंतु त्यामुळे नव्या पिढीत एक समज रूढ होत चालला आहे की, बौद्ध विचार हा आपल्या भागाला त्या दिवशी प्रथमच भेटला. महाविद्यालयात शिकणारी मुले आम्हांस विचारतात, "त्याआधी आपल्याकडे काय होते?" या प्रश्नाला अजिंठा, सांची, सारनाथ अशी लांबची नावे सांगून उत्तर देण्याची आपली सवय आहे. वास्तविक उत्तर आपल्या वैनगंगेच्या काठावरच आहे. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. तोपर्यंत आपला आणि पवनीचा जिल्हा एकच होता. म्हणून पवनीचा इतिहास हा आपल्याही घरचाच इतिहास समजावयास हरकत नाही.

प्रस्तुत लेखात प्राचीन विदर्भात लोकांचे विचार आणि श्रद्धा कशा बदलल्या, तो बदल कोणी घडवून आणला आणि पुढे तो का टिकला नाही, याचा मागोवा घेण्याचा आमचा प्रयत्न आहे. शेवटी थोडे चीन देशातही जावे लागेल. कारण येथून हरवलेला एक मौल्यवान ठेवा तेथे जपून ठेवलेला आढळतो.

१. शिळावर्तुळांचा समाज

बुद्धपूर्व काळात विदर्भात जे लोक राहत होते त्यांनी ग्रंथ लिहिले नाहीत. त्यांची ओळख होते ती त्यांच्या दफनस्थळांवरून. नागपूरजवळील जुनापाणी, माहूरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड या ठिकाणी मोठमोठे दगड वर्तुळाकार मांडलेले सापडतात. या वर्तुळांत मृताच्या अस्थी, मातीची भांडी, लोखंडी हत्यारे आणि काही ठिकाणी घोड्यांचे अवशेष मिळाले. माहूरझरीला तर घोड्याच्या मस्तकावर घालावयाचे तांब्याचे अलंकारही मिळाले. नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. अभ्यासक या संस्कृतीचा काळ इ. स. पूर्व सुमारे ८०० पासून पुढे मानतात.

यावरून त्या समाजाच्या मनाचा थोडा अंदाज करता येतो. मेलेल्या माणसाला पुढेही वस्तूंची गरज लागते, अशी त्यांची समजूत असावी. ज्याचा मान मोठा त्याच्याबरोबर वस्तूही मोलाच्या. मनुष्य कसा वागला यापेक्षा तो कोण होता याला दफनात महत्त्व दिसते.

मात्र याच लोकांच्या हातातील लोखंडाने पुढचा बदल शक्य केला. लोखंडाच्या कुऱ्हाडीने जंगल तोडता आले, शेती वाढली, खाऊन उरेल इतके धान्य पिकू लागले. धान्य उरले की बाजार येतो, बाजार आला की परगावचा माणूस येतो. आणि परगावचा माणूस आला की एक नवा प्रश्न उभा राहतो. जो आपल्या कुळाचा नाही, गावाचा नाही, त्याच्याशी कसे वागावे? केवळ कुळदैवत आणि पूर्वज यांच्या आधाराने या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. त्यासाठी सर्वांना लागू पडणारा आचारधर्म हवा असतो. बुद्धाचा उपदेश नेमका अशा काळात दक्षिणेकडे आला.

२. वैनगंगेकाठचे नगर

पवनी हे असेच एक वाढलेले नगर. एका बाजूला वैनगंगा आणि बाकीच्या बाजूंनी मातीचा तट व खंदक अशी त्याची रचना होती. त्या तटाच्या खुणा आजही पाहावयास मिळतात. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग यांनी येथे उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि डॉ. जगत्पती जोशी हे त्या कामाचे प्रमुख होते. जगन्नाथ मंदिराची टेकडी आणि चांडकापूरची टेकडी या दोन उंचवट्यांखाली दोन प्रचंड स्तूप दडलेले होते. पहिल्याचा व्यास सुमारे ३८ मीटर, तर दुसऱ्याचा त्याहूनही अधिक, सुमारे ४१ मीटर. १९९४ साली पुरातत्त्व विभागाने पवनीत पुन्हा उत्खनन केले.

जगन्नाथ टेकडीचा स्तूप एका दमात बांधला गेलेला नाही. त्याचा मूळ भाग मौर्यकाळात किंवा त्याच्याही थोडा आधी उभा राहिला असे उत्खननकर्त्यांचे मत आहे. पुढे शुंग-सातवाहन काळात तो वाढविण्यात आला व त्याभोवती दगडी कठडा उभारला गेला. याचा अर्थ एका पिढीचा उत्साह ओसरल्यावर काम थांबले नाही. पुढच्या पिढ्यांनीही त्यात भर घातली.

आता शिळावर्तुळ आणि स्तूप यांची तुलना करून पाहू. दोन्ही आकाराने गोल आणि दोन्हींचा संबंध मृत्यूशी व अवशेषांशी. मग फरक कोणता? शिळावर्तुळ एका कुळाचे असते. स्तूपाला कोणीही प्रदक्षिणा घालू शकतो. शिळावर्तुळात मृताला वस्तू दिल्या जातात. स्तूपाशी येणारा मनुष्य एका गुरूच्या शिकवणीचे स्मरण करतो. आकार ओळखीचा राहिला, आशय बदलला. वैचारिक परिवर्तन बहुधा असेच येते.

३. दगडावरील पावत्या

स्तूप राजाने बांधला असेल, असे आपण सहज गृहीत धरतो. परंतु पवनीच्या कठड्याचे दगड वेगळी हकीकत सांगतात. या दगडांवर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत लहान लहान लेख कोरलेले आहेत. अमक्याचे किंवा अमकीचे दान, एवढाच त्यातील बहुतेकांचा मजकूर. सांचीलाही असे शेकडो लेख आहेत. आम्ही बँकेत कारकुनी करणारी माणसे. आम्हांला हे लेख वाचताना पावती-पुस्तकाची आठवण होते. रक्कम लिहिलेली नाही, पण देणाऱ्याचे नाव कायमचे नोंदविलेले आहे. एवढा मोठा कठडा अशा एकेका नगाच्या दानातून उभा राहिला.

यांतील एक दान विसमिता नावाच्या स्त्रीचे आहे. तिने आपल्या दानाने सर्व प्राणिमात्रांना सुख लाभावे अशी इच्छा त्या दगडावर कोरून घेतली. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी वैनगंगेच्या काठावरची एक स्त्री स्वतःच्या नावाने दान देते, आणि पुण्य मागताना ते आपल्या कुळापुरते मागत नाही. शिळावर्तुळाच्या काळापासून मनाने केलेला प्रवास या एका ओळीत दिसतो.

दुसरा एक लेख 'नाग' नावाच्या व्यक्तीचा आहे. त्याला 'पंचनेकायिक' म्हटले आहे. दीघ, मज्झिम, संयुत्त, अंगुत्तर आणि खुद्दक हे सुत्तपिटकाचे पाच निकाय. ते ज्याला अवगत आहेत तो पंचनेकायिक. त्या काळी हे ज्ञान मुख्यतः मुखोद्गत ठेवले जात असे. म्हणजे पवनीत केवळ पूजा करणारेच नव्हते, सबंध सुत्तपिटक ज्याला येत होते असा विद्वानही येथे होता. विसमिता आणि नाग, दान देणारी उपासिका आणि अध्ययन करणारा विद्वान, या दोघांच्या बळावर परिवर्तन उभे होते.

४. जुन्या श्रद्धांचे काय झाले?

नवा विचार आला म्हणजे जुने सर्व पुसले जाते असे नाही. पवनीच्या शिल्पांत बोधिवृक्ष, धर्मचक्र आणि स्तूप आहेत, तसाच फणा काढलेला नागही आहे आणि त्याचे मुचलिंद हे नाव तेथे कोरलेले आहे. संबोधीनंतर वादळी पावसात मुचलिंद नागाने बुद्धावर फणा धरल्याची कथा सर्वांस ठाऊक आहे. नागपूजा या भूमीत फार जुनी. तिची टवाळी करण्याऐवजी नव्या धम्माने नागाला बुद्धाचा रक्षक केले. ज्याची लोकांना भीती वाटे तो लोकांच्या गुरूचा सेवक झाला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात दीक्षेसाठी नागपूर का निवडले हे सांगताना नाग लोकांनी केलेल्या धम्मप्रसाराचा उल्लेख केला होता. त्यानंतर १३ वर्षांनी पवनीच्या मातीतून 'नाग' हे नाव धारण करणारा पंचनेकायिक आणि मुचलिंद बाहेर आले. एका नावावरून सारा इतिहास सिद्ध होतो असे आम्ही म्हणणार नाही. परंतु या भागातील नागपरंपरा आणि बुद्धधम्म यांची गाठ जुनी आहे, एवढे तरी दगडच सांगतात.

चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात देवटेक येथे मिळालेली शिळाही महत्त्वाची आहे. तिच्यावर प्राचीन ब्राह्मीत प्राणी पकडण्यास व मारण्यास मनाई करणारी आज्ञा आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ती अशोकाच्या धर्ममहामात्राची आज्ञा असल्याचे मत मांडले. गंमत अशी की, त्याच शिळेवर पाच-सहाशे वर्षांनी वाकाटक राजा रुद्रसेन याचा लेख कोरला गेला. हा रुद्रसेन शिवाचा उपासक होता. दगड तोच, लिहिणारा बदललेला. पुढच्या काळाची चाहूल येथे लागते.

५. आश्रय कोठे वळला?

इ. स. चौथ्या-पाचव्या शतकांत विदर्भावर वाकाटकांचे राज्य होते. त्यांनी बौद्धांचा छळ केला असा पुरावा नाही. उलट वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम, येथील शाखेचा राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे कोरवून दिले. मग ओघ आटला कसा?

उत्तर दानाच्या बदललेल्या पद्धतीत शोधावे लागते. वाकाटकांचे अनेक ताम्रपट विदर्भात मिळाले आहेत आणि त्यांत प्रामुख्याने ब्राह्मणांना गावे व जमिनी दिल्याची नोंद आहे. प्रवरसेन दुसरा याचा असा एक ताम्रपट खुद्द पवनीला मिळालेला आहे. रामटेकच्या टेकडीवर देवालये उभी राहिली. ज्याच्याकडे जमीन, त्याच्याकडे दरवर्षीचे निश्चित उत्पन्न. स्तूपाचा आधार मात्र उपासकांच्या दानावर होता. व्यापार मंदावला, नगरे ओसरली की ते दान कमी होणारच. बँकेच्या भाषेत सांगावयाचे तर एकाकडे कायम ठेव होती आणि दुसरा रोजच्या भरण्यावर चालत होता.

तरीही धम्म लगेच संपला नाही. इ. स. ६३९ च्या सुमारास चिनी प्रवासी ह्यू-एन-त्संग हा कलिंगाकडून कोसल देशात आला. हा दक्षिण कोसल म्हणजे आपल्या पूर्वेकडील छत्तीसगढ आणि त्याला लागून असलेला प्रदेश. त्याची राजधानी भांदक की सिरपूर याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. तेथे सुमारे १०० संघाराम आणि दहा हजारांच्या आतबाहेर महायानी भिक्षू असल्याचे त्याने लिहिले. देवांची मंदिरे सुमारे ७० असल्याचेही त्याने नोंदविले. याच देशात पूर्वी नागार्जुन राहत होता आणि सातवाहन राजा त्याला मानत असे, अशी परंपराही त्याने लिहून ठेवली.

६. हरवलेले पत्र

नागार्जुन हा शून्यवादाचा आद्य आचार्य. चौदाव्या शतकातील तिबेटी इतिहासकार बुतोन त्याचा जन्म विदर्भातला सांगतो. काही विद्वान त्याचा संबंध आंध्रातील कृष्णाकाठाशी जोडतात. हा वाद आम्ही येथे सोडवू शकत नाही. आमचा मुद्दा वेगळा आहे.

नागार्जुनाने सातवाहन राजाला लिहिलेले एक पद्यमय पत्र प्रसिद्ध आहे. 'सुहृल्लेख', म्हणजे मित्राला लिहिलेले पत्र, हे त्याचे नाव. संपत्ती टिकणारी नाही, म्हणून ती योग्य माणसांना व गोरगरिबांना द्यावी; कुळाचा, रूपाचा, विद्येचा, तारुण्याचा आणि सत्तेचा गर्व शत्रूसारखा मानावा, असा उपदेश त्यात राजाला केलेला आहे. सातव्या शतकात आलेला चिनी भिक्षू इत्सिंग सांगतो की, भारतात विद्यार्थी हे पत्र शिक्षणाच्या आरंभीच पाठ करीत.

जे पत्र मुलांच्या तोंडी होते त्याची मूळ संस्कृत प्रत आज उपलब्ध नाही. ते वाचावयाचे तर चिनी किंवा तिबेटी भाषांतरावरून वाचावे लागते. चिनी भाषेत त्याचे पहिले भाषांतर गुणवर्मन या भारतीय भिक्षूने इ. स. ४३१ मध्ये केले. आपल्याच मुलखातील राजाला लिहिलेले पत्र आपण गमावले आणि परक्यांनी जपले. हे कसे घडले, हे समजण्यासाठी चीनकडे पाहणे भाग आहे.

७. चीनमध्ये काय घडले?

बुद्धाचा विचार पोचला तेव्हा चीन हा काही कोरी पाटी नव्हता. कन्फ्यूशियस (इ. स. पूर्व ५५१-४७९) आणि लाओत्से यांच्या परंपरा तेथे घट्ट रुजल्या होत्या. पूर्वजांची पूजा आणि आईबापांची सेवा हा त्या समाजाचा कणा. इ. स. पहिल्या शतकात बौद्ध विचार तेथे आला तेव्हा त्याला कडाडून विरोध झाला. आईबापांनी दिलेल्या शरीराचे केस भिक्षू का कापतो? लग्न न करता वंश का बुडवतो? सम्राटापुढे का वाकत नाही? इ. स. ४०४ मध्ये हुइ-युआन या भिक्षूला, भिक्षूने राजाला नमस्कार का करू नये, यावर स्वतंत्र प्रबंध लिहावा लागला.

इ. स. २२० मध्ये हान घराण्याची सत्ता संपली, युद्धे व फाटाफूट यांनी लोक हैराण झाले आणि दुःखाची कारणे सांगणारा हा विचार लोकांना जवळचा वाटू लागला. आरंभीच्या भाषांतरांत लाओत्सेच्या पंथातील ओळखीचे शब्द वापरले गेले. त्यामुळे अर्थाचा घोळ होई. तो पुष्कळसा दूर केला कुमारजीवाने. तो इ. स. ४०१ मध्ये चांगआन येथे आला आणि इ. स. ४०९ मध्ये त्याने नागार्जुनाच्या मध्यमक शास्त्राचे चिनी भाषांतर पूर्ण केले. पुढे ह्यू-एन-त्संग इ. स. ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन परतला व उरलेले सारे आयुष्य त्याने भाषांतरात घालविले.

मग इ. स. ८४५ चे संकट आले. सम्राट वूत्सुंगच्या हुकुमाने ४,६०० विहार पाडण्यात आले आणि २,६०,५०० भिक्षू-भिक्षुणींना संसारात परत पाठविण्यात आले, असे सरकारी नोंदीच सांगतात. पवनीवर असा घाला कधी पडल्याचे दिसत नाही. तरी पवनीचा धम्म विस्मरणात गेला आणि चीनमधला जगला! त्या संकटानंतर अवघ्या २३ वर्षांनी, इ. स. ८६८ मध्ये, कुमारजीवाने भाषांतर केलेले वज्रच्छेदिका सूत्र लाकडी ठशांनी छापले गेले. तारीख असलेले ते जगातील सर्वांत जुने उपलब्ध छापील पुस्तक होय. वांग जिए नावाच्या माणसाने आपल्या आईवडिलांसाठी, फुकट वाटण्याकरिता ते छापविले. आईबापांची सेवा आणि बुद्धाचा विचार यांतील जुना तंटा येथे मिटलेला दिसतो. विसमितेने दगड दिला, वांग जिएने पुस्तक दिले. दोघांची भावना एकच. परंतु दगड एका जागी राहतो आणि पुस्तक घरोघर जाते.

८. आपल्यासाठी बोध

आमच्या मते या साऱ्या इतिहासाचे सार एवढेच की, विचार वास्तूत ठेवला तर वास्तूबरोबर झाकला जातो. तो लोकांच्या भाषेत आणि रोजच्या वाचनात उतरला तर वास्तू पडली तरी टिकतो. पवनीचा नाग पाच निकाय जाणत होता. परंतु ते ज्ञान त्याच्यासारख्या विद्वानांपाशी आणि विहारांत राहिले. विहार ओस पडल्यावर गावातील माणसाच्या हाती वाचण्यासारखे काही उरले नाही. स्तूपावर टेकडी झाली, टेकडीवर मंदिर झाले आणि खाली काय आहे हे सांगणाराही उरला नाही.

आधुनिक काळात ही उणीव भरून काढण्याचे काम मराठीत झाले आहे. गोव्यात जन्मलेले धर्मानंद कोसंबी यांनी सिंहल व ब्रह्मदेशात जाऊन पाली शिकून घेतली आणि 'भगवान बुद्ध' सारखा ग्रंथ १९४०-४१ मध्ये मराठी वाचकांच्या हाती दिला. बाबासाहेबांचा 'दि बुद्ध अँड हिज धम्म' त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला आणि पुढे मराठीतही आला. नागपूरच्या दीक्षासमारंभात २२ प्रतिज्ञा त्यांनी आपल्या लोकांच्या भाषेत वदवून घेतल्या, हे विसरून चालणार नाही. दीक्षा घेणाऱ्याला ती समजली पाहिजे, हा आग्रह त्यामागे होता.

आज आपल्या जिल्ह्यात गावोगाव विहार आहेत. वर्गणी गोळा होते, बांधकाम होते, फरशी लागते, रंग लागतो. हे सर्व स्वागतार्हच आहे. विसमितेचा वारसा आपण चालवीत आहोत. परंतु पंचनेकायिक नागाचा वारसा कोण चालविणार? विहारात कपाट असते, कपाटाला कुलूप असते आणि किल्ली कोणाकडे आहे हे वर्षभर कोणास ठाऊक नसते, असे चित्र अनेक ठिकाणी दिसते. आमची संस्थेच्या सभासदांस नम्र सूचना आहे की, बांधकामासाठी जेवढ्या पावत्या फाडल्या जातात त्यांतील एक लहान हिस्सा दरवर्षी पुस्तकांसाठी राखून ठेवावा आणि आठवड्यातून एकदा विहारात सामुदायिक वाचन व्हावे. वाचणारा विद्यार्थी असावा आणि अर्थ सर्वांनी मिळून लावावा.

विद्यार्थी मित्रांनाही एक विनंती. सहलीसाठी लांबची ठिकाणे निवडण्यापूर्वी एकदा भंडारामार्गे पवनीला जाऊन या. तट पाहा, जगन्नाथ टेकडी पाहा. दगडांवर रेघोट्या ओढू नका, विटा उचलून आणू नका. जमल्यास ब्राह्मी लिपीची ओळख करून घेऊन जा. ती वाटते तितकी अवघड नाही, चार-सहा रविवार बसले की अक्षरे लागू लागतात. दोन हजार वर्षांपूर्वी एका बाईने सर्वांच्या सुखासाठी कोरून घेतलेले शब्द आपल्या भागातील मुलामुलींनी स्वतः वाचावेत, याहून मोठे अभिवादन तिला दुसरे कोणते असणार?